मोठा पडदा, बारीक अक्षर

जवळचे वाचण्याच्या चष्म्याला मराठीने ‘चाळिशी’ हे नाव देऊन एका शरीरधर्माची नोंद भाषेतच करून ठेवली आहे. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होऊ लागते आणि हातातील कागद दूर धरल्याखेरीज अक्षर लागत नाही. पेढीच्या व्यवहाराची गंमत अशी की, ज्या वयात दृष्टी मंदावते त्याच वयात व्यवहाराची जाण परिपक्व झालेली असते. कीर्द-खतावणी कोणीही लिहिली तरी दिवसअखेर तिच्यावरून शेवटची नजर फिरवण्याचा मान घरातील ज्येष्ठांचा असतो, तो याच कारणाने. चुकलेली रक्कम, दुबार पडलेली नोंद, अवेळी आलेली उधारी या गोष्टी त्या नजरेस चटकन खटकतात.

आता खतावणी वहीतून संगणकाच्या पडद्यावर आली आहे. पडदा मोठा आणि नवा असावा, सर्वांना नीट दिसावे, या सद्हेतूने दुकानात २७ इंची ‘४के’ मॉनिटर आणला जातो आणि पहिल्याच दिवशी लक्षात येते की, चित्र रेखीव झाले असले तरी अक्षर पूर्वीपेक्षा बारीक झाले आहे. तरुण मुलाला त्यात काही अडचण वाटत नाही. एका नजरेत अधिक रकाने दिसतात म्हणून तो खूशच असतो. वडील मात्र दोन दिवस खुर्ची पुढे ओढून पाहतात आणि तिसऱ्या दिवशी ‘तूच बघून सांग’ म्हणून बाजूला होतात. त्या दिवसापासून हिशेबावरची दुसरी नजर उठते. ते कोणी ठरवलेले नसते. ते केवळ अक्षराच्या उंचीमुळे घडते.

ही उंची वाढवणे हे तासाभराचे काम आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. मात्र त्यातील सोयी निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या आहेत आणि त्यांना एक क्रम आहे. तो क्रम सोडून मिळेल ते बटण दाबत गेल्यास गोंधळ वाढतो व दोष लिनक्सच्या माथी येतो.

लिनक्स पेढीवर का आले?

विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ ला लागणारे घटक अनेक जुन्या संगणकांत नाहीत. यंत्र धडधाकट असताना केवळ प्रणालीसाठी ते मोडीत काढणे व्यापारी मनाला पटत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवणे हा एक रास्त मार्ग आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. मिंटची ‘सिनॅमन’ ही मांडणी विंडोज वापरलेल्या हाताला लवकर सवयीची होते, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिला धरून केले आहे.

बारीक अक्षराची किंमत

अक्षर बारीक असणे ही केवळ गैरसोय नाही. बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेत ११ अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. बारीक अक्षरात ते इंग्रजी ‘ओ’सारखे दिसते आणि तसेच टंकले जाते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी. त्यात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढील १० अक्षरे पॅनची. त्यात एका जागी ८ ऐवजी ३ वाचला गेला तर बिल दुरुस्त करत बसावे लागते.

खातेक्रमांकाची गोष्ट याहून गंभीर आहे. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खातेक्रमांकाच्या आधारे, आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची असते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी लाभार्थीचे नाव आधी पडताळून पाहण्याची सोय उपलब्ध करून द्यायची होती. सोय उत्तम आहे. परंतु पडद्यावर आलेले नाव कोणीतरी नीट वाचले तरच तिचा उपयोग! न वाचता ‘पुढे’ दाबणाऱ्याला कोणतीही पडताळणी वाचवू शकत नाही.

अक्षर लहान का होते?

पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, बरोबर चौपट. पडद्याचे क्षेत्रफळ मात्र चौपट झालेले नसते, म्हणून ठिपके दाट बसवावे लागतात. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, तर २७ इंची ४के पडद्यावर सुमारे १६३.

संगणकाच्या प्रणाली दीर्घकाळ असे गृहीत धरत आल्या की, एका इंचात ९६ ठिपके असतात. या हिशेबाने १२ पॉइंटचे अक्षर १६ ठिपक्यांचे होते. ९२ ठिपक्यांच्या पडद्यावर हे १६ ठिपके सुमारे ४.४ मिलिमीटर जागा घेतात. १६३ ठिपक्यांच्या पडद्यावर तेच १६ ठिपके २.५ मिलिमीटरमध्ये मावतात. १५.६ इंची ४के लॅपटॉपवर, जेथे इंचाला सुमारे २८२ ठिपके असतात, ती उंची दीड मिलिमीटरच्याही खाली जाते. अक्षर बारीक होण्याचे सारे रहस्य एवढ्या त्रैराशिकात आहे.

आपल्या पडद्याचे गणित घरीच करता येते. आडव्या व उभ्या ठिपक्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास पडद्याच्या कर्णाच्या इंचांनी भागावे. आलेल्या संख्येस ९६ ने भागले की अक्षर किती पट करायला हवे याचा अंदाज मिळतो. २७ इंची ४के पडद्यासाठी १६३ भागिले ९६, म्हणजे सुमारे १.७. हा केवळ अंदाज होय. लॅपटॉप डोळ्यांच्या जवळ असतो, तेथे थोडे कमी चालते. ज्येष्ठांसाठी थोडे जास्त धरावे.

नेहमीची चूक

अक्षर बारीक दिसले की बहुतेकांचा हात ‘रेझोल्यूशन’ कमी करण्याकडे जातो. ३८४० च्या जागी १९२० निवडले की सारे मोठे दिसते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तेथे चार-चार ठिपक्यांचा एकेक ठोकळा करून पडदा वापरला जात असतो. ज्या चौपट ठिपक्यांसाठी दाम मोजले, त्यांचा लाभ सोडून दिला जातो. २५६० सारखी मधली संख्या निवडली तर स्थिती आणखी वाईट होते. एक ठिपका दीड ठिपक्यांवर पसरवता येत नसल्याने अक्षरांच्या कडा पुसट होतात.

देवनागरीला याचा फटका अधिक बसतो. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार हे आपल्या लिपीचे अगदी लहान अवयव आहेत आणि अर्थ त्यांच्यावरच तोललेला असतो. कमी घनतेच्या पडद्यावर अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीन ठिपकेच येतात. दाट पडद्यावर तेच अक्षर मोठे करून दाखवले तर त्याच्या वाट्याला पुष्कळ ठिपके येतात आणि छापील पुस्तकासारखा रेखीवपणा लाभतो. म्हणून नियम एकच लक्षात ठेवावा: ठिपके पूर्ण ठेवावेत, अक्षर मोठे करावे.

क्रमाने करावयाच्या गोष्टी

पहिली पायरी जोडणीची. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्ले’ उघडून रेझोल्यूशन पडद्याचे मूळचेच, म्हणजे ३८४० गुणिले २१६० आहे याची खात्री करावी. त्याशेजारी ‘रिफ्रेश रेट’ दिसतो. तो ६० हर्ट्झ असावा. तेथे ३० दिसत असेल आणि माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा जुन्या यंत्रातील जोडणीचा असतो. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीतून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते; २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते ६० वेळा जाऊ लागले. डिस्प्लेपोर्ट १.२ मधूनही ६० मिळतात. मॉनिटर घेण्यापूर्वी आपल्या यंत्रात यांपैकी काय आहे ते पाहून घेणे शहाणपणाचे.

दुसरी पायरी ‘स्केल’ची. त्याच खिडकीत ‘युझर इंटरफेस स्केल’ हा पर्याय आहे. तो १०० टक्क्यांवरून २०० टक्के केला की अक्षरे, चिन्हे, बटणे, खिडक्यांच्या कडा सर्व एकसारखे दुप्पट होतात. ठिपके पूर्ण वापरले जातात आणि अक्षर धारदार राहते. बदल केल्यावर तो कायम ठेवायचा का, असे प्रणाली विचारते. उत्तर न दिल्यास काही सेकंदांत जुनी मांडणी आपोआप परत येते. त्यामुळे येथे प्रयोग करण्यात धोका नाही. दृष्टी मंद असलेल्यांनी २७ इंची ४के पडद्यावर प्रथम हेच करून पाहावे.

तिसरी पायरी केवळ अक्षरांची. २०० टक्के फार मोठे वाटले तर स्केल पुन्हा १०० वर आणून ‘फॉन्ट सिलेक्शन’मधील ‘टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर’ वाढवावा. मुळात तो १ असतो, १.५ केला की अक्षरे दीडपट होतात. अक्षरांबरोबर मेनूच्या ओळीही उंचावतात, परंतु चिन्हे बहुधा लहानच राहतात. यंत्र जुने असेल तेथे हा मार्ग सर्वांत स्वस्त पडतो, कारण त्याचा यंत्रावर वेगळा भार जवळजवळ पडत नाही. उबुंटूमध्ये हीच सोय ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ विभागात ‘लार्ज टेक्स्ट’ या नावाने आहे. तिने अक्षरे सव्वापट होतात.

चौथी पायरी किरकोळ परंतु विसरली जाणारी. माउसच्या बाणाचा आकार ‘माउस अँड टचपॅड’मधून वाढवावा, खालच्या पट्टीची उंची ‘पॅनेल सेटिंग्ज’मधून वाढवावी. परवलीचा शब्द जेथे टंकतो तो आरंभीचा पडदा या सर्वांहून स्वतंत्र असतो; त्यासाठी ‘लॉगिन विंडो’ या खिडकीत दाट पडद्याचा वेगळा पर्याय दिलेला आहे.

अपूर्णांकाचा भाव

दीडपट हवे असताना सरळ १५० टक्के का निवडू नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. निवडता येतात. मिंटमध्ये ही सोय २०२० साली सिनॅमन ४.६ बरोबर आली. त्यापूर्वी १०० किंवा २०० हेच दोन पर्याय होते. मात्र या अपूर्णांकाचा भाव काय पडतो ते जाणून घ्यावे.

मिंट आजही मुख्यतः ‘एक्स’ नावाच्या चित्रव्यवस्थेवर चालते. तिची सुरुवात १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाली आणि तिची ११ वी आवृत्ती १९८७ मध्ये आली. त्या काळी दाट पडद्यांची कल्पनाही कोणाला नव्हती. या व्यवस्थेत १५० टक्क्यांचे चित्र सरळ काढता येत नाही. संगणक आधी सर्व काही २०० टक्के मापाने ५१२० गुणिले २८८० एवढ्या काल्पनिक पडद्यावर रेखाटतो आणि मग ते आवळून ३८४० गुणिले २१६० मध्ये बसवतो. म्हणजे ८३ लाख ठिपके दाखवण्यासाठी १ कोटी ४७ लाख ठिपक्यांचे काम करावे लागते. नव्या यंत्राला ते जाणवत नाही. दहा वर्षांच्या यंत्राला धाप लागते, आणि आवळलेल्या चित्राचा रेखीवपणा किंचित उणावतो.

यावर उपाय म्हणून ‘वेलँड’ ही नवी चित्रव्यवस्था उभी राहिली. क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ साली तिचा आरंभ केला. तिच्यात प्रत्येक पडद्याला स्वतंत्र स्केल देता येते, आणि २०२२ मध्ये तिच्या नियमावलीत अपूर्णांकाची तरतूदही झाली. त्यामुळे ती पाळणारे प्रोग्रॅम दीडपट चित्र सरळच काढू शकतात. उबुंटूची गनोम मांडणी आणि केडीई प्लाझ्मा या वेलँडवर उत्तम चालतात. ज्यांना लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर असे निरनिराळ्या घनतेचे दोन पडदे एकत्र वापरायचे आहेत, त्यांनी यांचा विचार करावा. मिंटमध्ये वेलँड अजून प्रायोगिक स्वरूपात आहे. सारांश, जुन्या यंत्राने पूर्णांकात राहावे. नव्या यंत्राला अपूर्णांक परवडतो.

स्वतंत्र वृत्तीचे प्रोग्रॅम

एवढे केल्यावरही काही प्रोग्रॅम आपल्या मापावर अडून बसतात. लिब्रेऑफिसच्या हिशेबपत्रकात उजव्या कोपऱ्यात खाली झूमची पट्टी असते. कंट्रोल कळ दाबून माउसचे चाक फिरवले तरी तेच होते. हे झूम पडद्याच्या स्केलपासून वेगळे आहे, म्हणून आधी स्केल ठरवावे आणि मग झूम. फायरफॉक्समध्ये ‘सेटिंग्ज’च्या ‘जनरल’ भागात नेहमीचे झूम ठरवून ठेवता येते, म्हणजे बँकेचे वा जीएसटीचे संकेतस्थळ दरवेळी नव्याने मोठे करावे लागत नाही.

जावावर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा अनुभव वेगळा येतो. दाट पडद्याची जाण जावाला २०१७ मधील ९ व्या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर अडकलेले साधन बारीकच दिसेल. त्याची नवी आवृत्ती मागवणे हाच खरा उपाय.

विंडोजचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम ‘वाइन’च्या साहाय्याने लिनक्सवर चालवला जात असेल, तर वाइनच्या मांडणीत ‘ग्राफिक्स’ या भागात ठिपक्यांच्या घनतेचा आकडा असतो. मुळात तो ९६ असतो. पडदा २०० टक्के केला असेल तर तो १९२ करावा. केवळ अक्षरे दीडपट केली असतील तर १४४.

व्यापाऱ्याच्या मनातील एक शंका येथेच दूर करणे योग्य होईल. पडद्यावर अक्षर मोठे केले म्हणून बिल मोठे छापले जात नाही. कागदावर पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, आणि पडद्याच्या स्केलशी त्याचा काही संबंध नाही. बिलाचा नमुना जसा होता तसाच उमटतो.

एक यंत्र, दोन दृष्टी

राहिला प्रश्न घरातील मतभेदाचा. वडिलांसाठी अक्षर मोठे केले की मुलाच्या पडद्यावर निम्मेच रकाने दिसतात. मुलाने ते पूर्ववत केले की वडील पुन्हा बाजूला होतात. या ओढाताणीतून बहुधा ज्येष्ठच माघार घेतात आणि नुकसान दोघांचे होते.

लिनक्सने यावर सोपा तोडगा दिला आहे. अक्षरांचे, स्केलचे आणि बाणाचे माप यंत्रावर न नोंदता ते वापरणाऱ्याच्या खात्यावर नोंदले जाते. मिंटमधील ‘युझर्स अँड ग्रुप्स’मधून दोन स्वतंत्र खाती उघडावीत. वडील आपल्या नावाने आत आले की पडदा २०० टक्क्यांचा होतो, मुलगा आला की १०० टक्क्यांचा. हिशेबाच्या फायली दोघांना दिसतील अशा सामाईक ठिकाणी ठेवल्या की झाले. बँकेत जसे एकाच तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तशीच ही व्यवस्था समजावी.

ज्यांना कायमचे मोठे अक्षर नको, क्षणापुरतीच एखादी संख्या नीट पाहायची आहे, त्यांच्यासाठी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ विभागात झूमची सोय आहे. ठरवलेली कळ दाबून माउसचे चाक फिरवले की पडद्याचा तेवढा भाग मोठा होतो आणि उलट फिरवले की पूर्ववत. खातेक्रमांक ताडून पाहताना तिचा फार उपयोग होतो.

शेवटची परीक्षा

सर्व मांडणी झाल्यावर तिची परीक्षा मांडणी करणाऱ्याने घेऊ नये. ज्यांनी हिशेब पाहायचा आहे त्या ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या अंतरावर, दुकानातील संध्याकाळच्या उजेडात बसवावे. पडद्यावर एक खातेक्रमांक, एक आयएफएससी संकेत आणि पैशांपर्यंत लिहिलेल्या दहा रकमा उघडाव्यात. मान पुढे न काढता आणि कोणाला न विचारता त्यांना हे सर्व वाचता आले तर मांडणी जमली. कोठे अडखळले तर एक पायरी आणखी वाढवावी. दोन रकाने कमी दिसले तरी चालतील.

जमलेली मापे एका कागदावर लिहून संगणकाजवळ ठेवावीत: रेझोल्यूशन, रिफ्रेश रेट, स्केल, अक्षरांचा गुणक, वाइनचा आकडा. प्रणाली पुन्हा बसवावी लागली, यंत्र बदलले किंवा दुकानाच्या दुसऱ्या शाखेत तसाच पडदा आला, तर पाच मिनिटांत सर्व मार्गी लागते. पुढच्या दिवाळीत खतावणीची तेरीज जुळवायला बसताना त्या पडद्यासमोर पुन्हा दोन खुर्च्या असतील, एवढा लाभ या तासाभराच्या कामाला पुरेसा आहे.